लाल पत्र्याचा मालक

९ जानेवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं नाही, म्हणजे तू धडधाकट आहेस असं मी धरून चालले आहे. आजारी पडलास की तू लांबलचक लिहितोस. पोरांना गुद्दे कसे मारायचे ते अजून शिकवतोस ना? एक कान तर तू तरुणपणीच बॉक्सिंगच्या रिंगणात देऊन आलास, दुसराही आता अधूनमधून रजेवर जातो. फोनवर ऐकू आलं नाही की तू फोनच भिंतीवर आपटतोस, म्हणून मला या जमान्यात पत्रं लिहावी लागतात. वर्कशॉपमधल्या लोकांना वाटतं माझं कुणाशी तरी जमलंय.

आता मुद्द्याचं सांगते. तू आधी खुर्चीवर बस.

माझ्याकडे एक गाडी आली आहे. फार जुनी, दोन माणसांची, शर्यतीसाठी बनवलेली. अशा पाच-सहाच बनल्या म्हणतात, आणि त्यांतल्या बहुतेक कुठे ना कुठे आदळून संपल्या. मालक दातांचे डॉक्टर आहेत, आता निवृत्त. अगदी सभ्य माणूस. माझे हात बघून म्हणाले, "भाजल्याचे डाग आहेत, म्हणजे काम तुम्ही स्वतः करता." त्यांना गाडी विकायची आहे. त्यासाठी ती बनल्यापासून आजपर्यंत कोणाकोणाकडे होती, मधलं एकही वर्ष न सोडता, हे शोधून माझ्या सहीने द्यायचंय. हल्ली माझं निम्मं काम हेच असतं. निम्मा वेळ पत्रा ठोकते आणि निम्मा वेळ म्हाताऱ्या लोकांच्या बैठकीत बसून त्यांच्या नातेवाइकांची भांडणं ऐकते. "नंबराप्रमाणे लिहा, बाई," असं डॉक्टर दोनदा म्हणाले. "खालच्या लोखंडी सांगाड्यावर नंबर ठोकलेला आहे, तो खोटं बोलत नाही."

गाडी हिरवी आहे. पण काल एका कडेला पॉलिश पेपर मारला तर हिरव्याखाली पांढरा निघाला आणि पांढऱ्याखाली लाल. मागचा भाग होडीसारखा निमुळता आहे. धुराचा पाइप बाहेरून काढलाय, त्यावर पितळी जाळी आहे.

मामा, आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्या गाडीबद्दल तू मला एकदाच सांगितलंस आणि सांगून झाल्यावर जेवणाचं ताट भिरकावलंस. म्हणून भीतभीत विचारते. पाइप कोणत्या बाजूला होता?

तुझी,
ठिणगी

१५ जानेवारी

ठिणगे,

डाव्या.

तुझ्या गाडीचाही डावीकडेच आहे, हे तू न लिहिताच मला कळलं. नाहीतर बाजू लिहायची तू विसरली नसतीस. तुला मी वाढवलंय.

तेव्हा तुला निम्मंच सांगितलं होतं. आता पुरतं ऐक. तुझी आई आणि मी बस डेपोच्या भिंतीलगत चाललो होतो. भर दुपार. तिच्या हातात तुझ्यासाठी घेतलेले बूट होते. मी सगळा फुटपाथ अडवून चालायचो, तेव्हा माझी छातीच तेवढी होती, म्हणून ती बोलता बोलता एक पाऊल खाली उतरली. गाडी वळणावरून आली. पुढच्या दिव्याच्या दांडीने तिला उचललं आणि खाली घेतलं. ती बोनेटवर पडली असती तर वाचली असती. ती खाली गेली.

आणि मग गाडी थांबली. पोलिसांनी हे कधी मानलं नाही. म्हणाले, थांबली होती तर पळाली कशी? थांबली होती, ठिणगे. हाकणाऱ्याने मागे वळून पाहिलं. चामडी टोपी आणि मोठा चष्मा होता, तोंड दिसलं नाही. तिच्या साडीचं कापड मागच्या चाकात गुंतलं होतं. मी बोंब मारत धावत होतो. त्याने तिला पाहिलं, मला पाहिलं, आणि गाडी पुढे काढली. डेपोच्या फाटकापर्यंत ती फरफटत गेली. मी पोचलो तेव्हा तिच्या तोंडात दात उरले नव्हते. ती मला काहीतरी सांगत होती. मला ते कळलं नाही. माझी सख्खी बहीण शेवटचं बोलली आणि मला ते कळलं नाही.

नंबराची पाटी चिखलाने माखलेली होती. पोलिस म्हणाले, अशी चालती गाडी या भागात कोणाकडे नाहीच. पुढची दोन वर्षं मला लाल गाडी दिसली की मी तिची काच फोडायचो. तीनदा कोठडीत जाऊन आलो. एकदा तर एका गरीब शिंप्याला गाडीतून ओढून काढला आणि त्याचं मुस्काट फोडलं, त्याची गाडी धड लालही नव्हती. मग तुझी शाळा सुरू झाली, तुझा डबा करायला कोणीतरी घरी पाहिजे होतं, म्हणून थांबलो.

आता नाव काढ. त्या वर्षी गाडी कोणाची होती तेवढंच. मी काही करणार नाही. सांधे धरलेत, बुटाची नाडी बांधायची तर श्वास लागतो. मला मरण्याआधी फक्त ऐकायचंय. शब्द देतो.

सकाळी पोरं यायच्या आधी वाळूच्या पोत्यावर थोडे हात चालवायला लागलोय. तेवढाच व्यायाम. अंग मोकळं होतं.

मामा

२६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पोत्याचं वाचलं. सांधे धरलेला माणूस पोतं कशाला मारतो, ते मी विचारत नाही.

महिना-दीड महिना फिरत होते. ही गाडी म्हणजे अवदसा आहे. पहिला मालक घोड्यांचा व्यापारी. त्याने पहिल्याच शर्यतीत ती कठड्यावर घातली आणि स्टिअरिंगची दांडी त्याच्या छातीतून आरपार गेली. त्याच्या भावाने गाडी विधवेकडून हिसकावली. ती देईना, तेव्हा तिचा हात गॅरेजच्या दारात घालून दार लावलं. हे मला त्या भावाच्याच नातीने सांगितलं, चहा ओतता ओतता, जणू शेजारच्यांचं सांगतेय. भावाकडून ती एका बिस्किट कारखानदाराने घेतली. त्याला त्याच्याच भागीदाराने गाडीत बसलेला असताना गोळी घातली. बोनेटच्या पट्ट्याखाली शिशाने बुजवलेलं एक भोक आहे, माझ्या करंगळीचं टोक त्यात नीट बसतं. भागीदार फासावर गेला आणि गाडी कारखान्याच्या मागे कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडून राहिली.

तिथून ती चौथ्या मालकाने उचलली. आई गेली त्याच्या आधीपासून आणि नंतरही पुष्कळ वर्षं गाडी त्याचीच होती. कारखानदाराची सून हेच सांगते आणि तो स्वतःही कबूल करतो. तो जिवंत आहे.

मी त्याच्याकडे जाऊन आले. मी कोण ते सांगितलं नाही. रस्ते बांधायचा, आता थकलाय. त्या वर्षाचं विचारलं तर म्हणाला, "तेव्हा माझ्याकडे नुसता सांगाडा होता. त्याला मी पाण्याची टाकी ओढायला लावला होता." मग वरची बॉडी कुठे होती? तर नखांकडे बघत बसला. म्हणे आठवत नाही. शर्यतीच्या गाडीचा सगळा पत्रा कुठे ठेवला ते माणूस विसरेल का? तो धडधडीत खोटं बोलत होता, मामा. त्याचा मुलगा तर मला दाराकडे ढकलायलाच बघत होता. बाहेर पडले तेव्हा फाटकाशी दोन गंजलेले रोलर उभे होते, त्यांतल्या एकावर वही टेकवून मी त्याचं वाक्य न् वाक्य उतरवून घेतलं.

त्याचं नाव मी लिहीत नाही. तू शब्द दिला आहेस, पण तुझा शब्द आणि तुझा हात यांचं कधी पटलेलं मला आठवत नाही. मला आधी अजून थोडं तपासू दे. डॉक्टर रोज फोन करतात, "झाली का यादी?" म्हणून. त्यांना काही बोलले नाही. भला माणूस आहे, उगाच कशाला त्याला आपल्या घरच्या दुःखात ओढू.

तुझी,
ठिणगी

७ मार्च

ठिणगे,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवलंस? फाटकाशी दोन रोलर असलेला म्हातारा कंत्राटदार माझ्या गावापासून तासाभरावर आहे. बसच्या कंडक्टरला विचारलं तर त्याने दारातच उतरवलं.

मुलगा आधी आडवा आला. चांगला आडदांड आहे, पण हात खाली ठेवून पुढे येतो. नाकावर एक दिला, खाली बसला. म्हातारा अंगणात खुर्चीत होता. मी त्याला म्हटलं, डेपोपाशी एक बाई होती. त्याला लगेच कळलं! त्याच्या डोळ्यांतच दिसलं मला. मग मी थांबलो नाही. कॉलर धरून उभा केला आणि जबड्यावर मारलं, हाड मोडल्याचं हाताला कळलं. पडला, पुन्हा उभा केला. फासळ्यांत दोन दिले. त्याच्या तोंडातून फेस आणि रक्त येत होतं आणि तो एकच वाक्य म्हणत होता, "पत्रा माझा नव्हता, पत्रा माझा नव्हता." खोटं बोल पण रेटून बोल, तसला प्रकार. मी म्हटलं पत्र्याचं काय घेऊन बसलास, चाकाखाली माझी बहीण होती. मग तो रडायला लागला. ऐंशीचा माणूस रडतो तेव्हा त्याचं तोंड लहान मुलासारखं होतं. त्यावर मी अजून एक मारलं.

घरी येऊन दारात बसलो. पोलिस येतील, हात पुढे करीन, असं ठरवलं होतं. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, दवाखान्यात त्याने सांगितलं की शिडीवरून पडलो. आता तूच सांग, ज्याने काही केलं नाही तो माणूस मार खाऊन मूग गिळून गप्प बसतो का? मनात पाप होतं म्हणून गप्प बसला. हिशेब चुकता झाला.

मला वाटलं होतं आता हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. भाकरी तोंडात फिरतेय. वयामुळे असेल.

मामा

१४ मार्च

मामा,

तू काय करून बसलास?

तुझं पत्र वाचलं आणि कामाच्या टेबलावर होतं ते सगळं हाताने जमिनीवर लोटलं. मग गाडीकडे गेले. माझ्या हातून काहीतरी सुटलंय अशी टोचणी मला म्हाताऱ्याकडून आल्यापासून होती. मी नंबराच्या मागे धावत होते. पत्रा कधी उलटा करून पाहिलाच नव्हता.

साखळ्या लावून सगळी बॉडी सांगाड्यावरून उचलली. बॉडीच्या खाली लाकडी चौकट असते आणि तिच्यातून बोल्ट सांगाड्यात जातात. त्या चौकटीत बोल्टांच्या भोकांच्या दोन रांगा निघाल्या. एक रांग या सांगाड्याची, मूळची. दुसरी आतल्या बाजूला, एखाद्या साध्या, अरुंद गाडीच्या मापाची. ती नंतर लाकडी गुट्ट्या ठोकून बुजवली आहे. गुट्ट्यांवर पांढरा रंग आहे. गुट्ट्या काढल्या तर भोकांच्या कडांवरून आत ओघळलेला लाल रंग दिसला.

कळतंय का तुला? ही बॉडी लाल होती तेव्हा ती या सांगाड्यावर नव्हतीच. कोणीतरी ती बाहेरच्या पाइपासकट उचलून एका स्वस्तातल्या गाडीवर चढवली होती आणि मिरवत होता. नंतर कधीतरी ती पुन्हा इथे आणून पांढरी रंगवली. तू त्या दिवशी रस्त्यावर पाहिलास तो पत्रा. मी ज्याचा मालक शोधत बसले तो सांगाडा. त्या दिवशी सांगाडा खरंच पाण्याची टाकी ओढत होता. म्हातारा खरं बोलत होता, मामा. माझ्यासारख्या कारागिरानेच ही चूक करावी! गाडी म्हणजे तिचा नंबर, हे आम्ही इतक्या वेळा घोकतो की माणसाला चिरडलं ते पत्र्याने आणि चाकांनी, नंबराने नाही, हे मी विसरले.

मी दवाखान्यात गेले. त्याचा जबडा तारांनी बांधलाय. या वेळी मी कोणाची मुलगी ते सांगितलं. दातांच्या फटीतून, लाळ पुसत पुसत तो बोलला. बॉडी त्याने एका तरुण ओळखीच्याला देऊन टाकली होती. एका दुपारी तो तरुण ती गाडी घेऊन आला आणि बॉडी उतरवून त्याच्या शेडमध्ये ठेवली. दिव्याची दांडी वाकली होती आणि तिला केस गुंतलेले होते. म्हाताऱ्याने ते केस स्वतःच्या हाताने काढून जाळले. पोलिस आले तेव्हा त्यांना टाकी ओढणारा सांगाडा दाखवला, शेड दाखवली नाही. पुढे त्याच तरुणाने सांगाडाही घेतला आणि दोन्ही पुन्हा जोडलं. नंबराप्रमाणे बघितलं तर त्या वर्षी त्याचा गाडीशी संबंधच नव्हता. तो कागदावर धुतल्या तांदळासारखा आहे, आणि त्या कागदावर त्याला माझी सही पाहिजे.

म्हातारा म्हणाला, "तुझ्या मामाने मारलं ते बरोबरच केलं. माणूस चुकला, पण फार चुकला नाही." तो जबानी द्यायला तयार आहे. मी इन्स्पेक्टरना भेटले आहे. गुरुवारपर्यंत धीर धर, मग मी तुला सगळं सांगेन. या वेळी नाव नाही, गाव नाही, फाटकही नाही.

तू येऊ नकोस. तू आलास तर त्याला जिवंत सोडणार नाहीस, आणि उरलेलं आयुष्य मी तुला गजांमधून बघेन. मला आई आठवत नाही, मामा. मला वाईट वाटतं, पण नाही आठवत. मला डबा आठवतो, आणि शाळेच्या फाटकात सगळ्यांची वाट अडवून उभा राहिलेला तू आठवतोस. माझं आहे-नाही ते तू आहेस. त्या माणसापायी मी तुला घालवणार नाही.

ठिणगी

१९ मार्च

ठिणगे,

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी. संन्यासीही काही फार मोठा नव्हता, पण म्हणून काय झालं.

दवाखान्यात गेलो. मुलगा बाहेर बसला होता, नाकावर पट्टी. मी त्याच्यासमोर हात पाठीमागे बांधून उभा राहिलो आणि म्हटलं, मार. त्याला आधी कळेना. मग कळलं. पहिला ओठावर बसला, दुसरा चांगल्या कानावर. मी त्याला म्हटलं हनुवटी आत घे, खांदा फिरव, तू नुसता हात फेकतोयस. तिसरा मात्र शिकवल्यासारखा आला. भुवई फाटली, मी जिन्यावरून खाली गेलो. आता चांगला कानही गेला, आत नुसती शिट्टी वाजते. आत जाऊन म्हाताऱ्याच्या पायांशी बसलो. तो काही बोलला असेल, तर मला ऐकू आलं नाही.

आता तुझं. तू नाव लिहिलं नाहीस. पण तुझी सगळी पत्रं माझ्याकडे उशाशी असतात. नंबर खोटं बोलत नाही हे ज्याला दोनदा सांगावं लागतं, यादी झाली का म्हणून ज्याला रोज फोन करावा लागतो, तो सभ्य माणूस कोण ते मला दुसऱ्याने कशाला सांगायला पाहिजे? दातांचा डॉक्टर! तुझ्या आईच्या तोंडात दात उरले नव्हते, आणि हा पुढची चाळीसेक वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवत बसला.

तू लिहितेस गुरुवारपर्यंत. म्हणजे गुरुवारी तो तुझ्याकडे येणार. गुरुवारी मीही येतो. मी गजांआड गेलो तर काय होईल, हे तू मला सांगू नकोस. मी त्याची तयारी तू तीन वर्षांची होतीस तेव्हाच केली होती, तुझ्या डब्याने उशीर झाला एवढंच. त्या दिवशी वर्कशॉपला कुलूप लाव, किल्ली पायरीखाली ठेव आणि घरी बस. तुझ्या अंगावर एक शिंतोडा उडता कामा नये.

मामा

२ एप्रिल

ठिणगे,

तू शुद्धीवर आलीस हे नर्सने मला कागदावर लिहून दाखवलं. ते वाचलं आणि मी निघून आलो. तुझ्या खोलीत यायची माझी लायकी नव्हती.

तुला किती आठवतंय ते मला माहीत नाही, म्हणून लिहितो. खोटं काही लिहिणार नाही.

तू कुलूप लावलं नव्हतंस. मी आत आलो तेव्हा तो स्टुलावर बसून चहा पीत होता, पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट. तू कागद हातात घेऊन उभी होतीस. मी म्हटलं, डेपोपाशी तू मागे वळून पाहिलंस. तो काय बोलतोय ते मला ऐकू येत नव्हतं, ओठ वाचत होतो. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "मी चोवीस वर्षांचा होतो. परीक्षा जवळ आली होती." मी विचारलं, ती जिवंत आहे हे तुला दिसलं होतं? तो म्हणाला, "दिसलं होतं. म्हणूनच."

म्हणूनच.

मग मी मारलं. आयुष्यात मारला नसेल असा उजवा मारला, पायाच्या अंगठ्यापासून उचललेला. तो तिथेच होता, त्याचं नाक मला स्वच्छ दिसत होतं. तू कधी मधे आलीस? मला "मामा" म्हणून हाक मारलीस का? मारलीच असशील. मला ऐकू आलं नाही. माझ्या हाताला जबडा लागला आणि हाड मोडल्याचं कळलं, आणि मला आनंद झाला, ठिणगे. डोळ्याचं पातं लवेपर्यंत मला आनंद झाला. मग तू गाडीच्या सांगाड्यावर डोकं आपटून खाली पडलीस.

मी खाली बसून तुझं डोकं मांडीवर घेतलं. तुझ्या कानातून रक्त येत होतं. तू तोंडातून काहीतरी बोलत होतीस आणि मला कळत नव्हतं. त्याच वेळी तो उठला. घाई न करता. त्याची वाट आपल्या अंगावरून होती. त्याने पँट गुडघ्याशी चिमटीत वर धरली, रक्त लागू नये म्हणून, आणि तुझ्या पायांवरून पाय टाकून गेला. माझ्यापासून हातभर अंतरावरून. त्याचा घोटा माझ्या डोळ्यांसमोर होता. माझा एक हात मोकळा होता. नुसता घोटा धरून ओढला असता तरी पुरे होतं, पुढचं मला येतं.

मी उठलो नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जगलो तो माणूस हाताशी आला, आणि तुझं डोकं जमिनीवर ठेवावं लागेल म्हणून मी उठलो नाही. तो दारातून बाहेर गेला आणि मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी वाळूचं पोतं खाली उतरवून फाडलंय. पोरांना सांगितलं, दुसरा मास्तर बघा. ज्या हाताने तुला भरवलं त्याच हाताने तुझा जबडा मोडला, तो हात मी आता कशाला वापरू? तू मला लिहू नकोस. तुझ्यासमोर मी पुन्हा उभा राहणार नाही. तेवढी लाज मला आहे.

मामा

११ एप्रिल

प्रिय मामा,

झालं तुझं? आता माझं ऐक. तारांनी बांधलेल्या तोंडाने मला भांडता येत नाही, म्हणून लिहून भांडते.

मी मधे आले. तू मला मारलं नाहीस, मी तुझ्या हातासमोर आले. तुझा उजवा केवढा जोरात येतो हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि तरीही आले, कारण तो त्याला लागला असता तर तो मेला असता. मला लागला तर नुसता जबडा गेला. मी हिशेब करून आले होते. आणि मांडीवर डोकं असताना मी काही शेवटचं-बिवटचं बोलत नव्हते. "मान सरळ धर, दुखतेय," एवढंच म्हणत होते. तेही तू केलं नाहीस.

इन्स्पेक्टर जबानी घ्यायला आले. हे कसं झालं म्हणून विचारलं. मी पाटीवर लिहिलं, शिडीवरून पडले. ते म्हणाले, "या प्रकरणात शिड्या फार आहेत."

डॉक्टर वर्कशॉपच्या फाटकापर्यंतच गेले. पोलिस बाहेर गाडीत बसून होते, मी खूण केली की त्यांनी आत यायचं ठरलं होतं. तू सकाळच्याच बसने येशील हे मला कळायला हवं होतं. डॉक्टरांनी पोलिसांना सभ्यपणे नमस्कार केला म्हणे. कंत्राटदाराने बांधल्या तोंडाने सगळी जबानी दिली. पत्र्याचा इतिहास मी स्वतंत्र लिहिला, सांगाड्याचा स्वतंत्र, आणि दोन्हींवर सही केली. आईच्या वर्षापाशी तिचं नाव लिहिलं. खटला उभा राहील तेव्हा राहील. ते म्हातारे आहेत, वकील मोठा आहे, सुटतीलही. मी ते धरून चालले आहे. इतके दिवस मला वाटायचं की ते सुटले तर मी जगू शकणार नाही. आता तसं वाटत नाही, आणि ते का, हे तुझ्या पत्रातच आहे. तो हातभर अंतरावरून गेला आणि तू उठला नाहीस. हे वाचून मी इतकी रडले की तारांपाशी हिरड्यांतून रक्त आलं आणि नर्स रागावली. आईसाठी तू आयुष्यभर पुष्कळ काही मोडलंस, मामा. माझ्यासाठी तू नुसता बसून राहिलास. माझ्यासाठी कोणी याच्यापेक्षा मोठं काही करणार नाही.

आता तुझ्या लाजेबद्दल. ती तुझ्यापाशी ठेव, पण इथे घेऊन ये. काल मला घरी सोडलं. सूप नळीने प्यावं लागतं, आणि डाव्या हाताला बधिरपणा आहे म्हणून बशी धरता येत नाही. दिवसातून चार वेळा कोणीतरी समोर बसून बशी धरायला पाहिजे. शेजारीण धरते, पण ती घाई करते आणि सांडते. तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणजे घरात भांडणही व्हायचं नाही.

हे पत्र मिळालं की उत्तर लिहीत बसू नकोस. ये.

ठिणगी